बेने इस्राएल समाज आणि इंग्रजी विद्या

इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतून एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. मुलांचे सारे शिक्षण हिब्रूत चालते. बगरूतच्या परीक्षेसाठी आणि पुढे विद्यापीठात प्रवेश मिळण्यासाठी इंग्रजीही चांगली यावी लागते. असे असता घरात मराठी बोलून त्यांच्यावर तिसऱ्या भाषेचा भार का टाकावा? आजीआजोबांपुरती मराठी कानावर पडली तरी पुरे, असे अनेक आईवडील म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यामागे मुलांच्या हिताची कळकळच असते.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. परभाषा शिकण्याचा प्रसंग आपल्या समाजावर प्रथमच आलेला नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मुंबईत आलेल्या आपल्या पूर्वजांपुढे इंग्रजी भाषा अशीच अकस्मात येऊन उभी राहिली होती. ती त्यांनी कशी आत्मसात केली, कोणत्या बळावर केली आणि त्यासाठी काय मोजले, याचा विचार केला तर आजच्या प्रश्नावरही काही प्रकाश पडेल. भाषा शिकणाऱ्याची स्वतःविषयीची जाणीव आणि त्याचे भाषेतील यश यांचा निकटचा संबंध असतो, हे विद्वानांनी विसाव्या शतकात मांडले. आपल्या समाजाने ते त्यापूर्वी शंभर वर्षे अनुभवले होते.

कोकणातील पाया

कोकणात आपले पूर्वज तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शब्बाथच्या दिवशी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, नवगावचे नवगावकर अशी त्यांची आडनावे गावांवरून पडली. बोलणे मराठी, पेहराव कोकणी, आणि धर्म मात्र आपला. हिब्रूचे ज्ञान जवळजवळ लोपले होते. तरी शेमा मुखी होती, सुंता होत होती, शब्बाथ आणि खाण्यापिण्याचे नियम पाळले जात होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आपल्या पूर्वजांची ओळख भाषेवर टांगलेली नव्हती. मराठी ही कोळ्यांची, आगऱ्यांची, कुणब्यांची, साऱ्या शेजाऱ्यांचीच भाषा होती. ती बोलल्याने कोणी बेने इस्राएल ठरत नव्हता आणि दुसरी भाषा शिकल्याने कोणी परका होत नव्हता. शिवाय कोकणात त्यांचा धर्मासाठी छळ झाला नाही. गावात त्यांचे स्थान ठरलेले होते. ‘आपण कोण?’ या प्रश्नाचे उत्तर ज्यास कोणाला विचारावे लागत नाही, त्यास नव्या विद्येचे भय वाटत नाही.

अठराव्या शतकात मुंबईची भरभराट होऊ लागली तेव्हा आपले लोक तेथे आले. पुष्कळजण कंपनी सरकारच्या पलटणीत शिरले आणि सुभेदारीपर्यंत चढले. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले, तेही पलटणीतलेच अधिकारी होते. तथापि पलटणीत इंग्रजीचे काम बेताचेच असे. इंग्रजी विद्येचा खरा प्रवेश झाला तो मिशनऱ्यांच्या शाळांतून.

मिशनऱ्यांच्या शाळा

अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत आले. त्यांनी मुंबईत व कोकणात मराठी शाळा काढल्या आणि त्यांपैकी काही शाळांवर बेने इस्राएल शिक्षक नेमले. १८२९ साली स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन मुंबईत आले. त्यांनी १८३२ साली सुरू केलेल्या शाळेतूनच पुढे विल्सन कॉलेज उभे राहिले. त्याच वर्षी त्यांनी हिब्रू व्याकरणाचे एक पुस्तक मराठीतून प्रसिद्ध केले, आणि ते मुख्यतः आपल्या समाजासाठी होते.

मिशनऱ्यांचा हेतू उघड होता. बेने इस्राएल लोक एक देव मानतात, अब्राहाम व मोशे यांना जाणतात, तेव्हा ते लवकर ख्रिस्ती होतील अशी त्यांची अटकळ होती. आपल्या लोकांनी मुले शाळांत पाठविली, मुलीही पाठविल्या. मुलांनी मराठी वाचन, हिब्रू आणि इंग्रजी शिकून घेतली. परंतु धर्मांतर करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. उलट मिशनऱ्यांनी छापलेले जुन्या कराराचे मराठी भाषांतर वाचून लोकांना आपल्याच धर्मग्रंथाची ओळख झाली, आणि मराठीतून शिकलेल्या हिब्रूने प्रार्थनेचा अर्थ उलगडला. ज्या शाळेने त्यांना दुसरे काही बनवावे म्हणून दार उघडले होते, त्याच शाळेतून ते अधिक जाणते यहुदी होऊन बाहेर पडले. कोचीनहून आलेल्या यहुदी शिक्षकांचेही या कार्यात साहाय्य झाले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

मराठी हा या साऱ्या व्यवहारातील पूल होता. हिब्रू आली ती मराठीच्या वाटेने, आणि इंग्रजीचे पहिले पाठही मराठीतूनच समजावले गेले. ही गोष्ट ग्रंथांतही दिसते. पेसाहची हग्गादा मराठी अर्थासह मुंबईत १८४६ साली छापली गेली. १८७४ साली पुण्यात निघालेल्या हग्गादेत तर मात्सा तयार करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसलेल्या दाखविल्या आहेत. १८८० च्या सुमारास आपल्या लोकांनी कीर्तनाचा मराठी प्रकार उचलला आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे त्या ढंगात गाऊ लागले. इंग्रजी विद्या वाढत होती त्याच काळात मराठी लेखनही बहरत होते. एक वाढले म्हणून दुसरे खुंटले, असे घडले नाही.

केहीमकर, राजपूरकर आणि आपली शाळा

या पिढीतील दोन पुरुषांची नावे आदराने घेतली पाहिजेत. पहिले जोसेफ यहेज्केल राजपूरकर (१८३४–१९०५). मुंबईतील डेव्हिड ससून यांच्या शाळेचे ते दीर्घकाळ मुख्याध्यापक होते आणि मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक होते. इंग्रजी अमदानीतील विद्यापीठात मानाचे स्थान मिळविलेल्या या गृहस्थांनी आपले आयुष्य कशात वेचले? हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणण्यात. इंग्रजी विद्येने त्यांना अधिकार दिला. तो त्यांनी आपल्या लोकांच्या भाषेच्या सेवेस लावला.

दुसरे हाईम सॅम्युएल केहीमकर. १८५३ साली त्यांनी समाजात शिक्षणप्रसार करण्यासाठी संस्था काढली आणि १८७५ साली मुंबईत बेने इस्राएल मुलांसाठी शाळा सुरू केली. हीच इस्राएलाइट स्कूल पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. मुंबईत तेव्हा सरकारी व मिशनच्या शाळा असताना निराळी शाळा काढण्याचे प्रयोजन काय होते? मुलांना इंग्रजी मिळावी, पण हिब्रू आणि धर्मशिक्षण बाजूला पडू नये. इंग्रजी शिकण्यासाठी घर सोडून दुसऱ्याच्या अंगणात उभे राहावे लागू नये, हे ते प्रयोजन होय. लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनने या शाळेस मदत केली. ती मदत मागण्यासाठी, पत्रव्यवहार करण्यासाठी आणि आपण कोण हे दूरच्या बांधवांना सांगण्यासाठी इंग्रजीच लागली.

केहीमकरांनी १८९७ साली समाजाचा विस्तृत इतिहास लिहून पुरा केला, तो इंग्रजीत. त्यांच्या हयातीत तो छापला गेला नाही. १९३७ साली तेल अवीव येथे डॉ. इमॅन्युएल ओल्सवँगर यांच्या हस्ते तो प्रसिद्ध झाला. मराठीवर प्रभुत्व असलेल्या या गृहस्थांनी इंग्रजी का निवडली, हे उघड आहे. आपल्या घरच्यांना आपण कोण हे सांगावे लागत नव्हते. ते जगाला सांगायचे होते. परभाषा शिकण्यास याहून बळकट कारण ते कोणते असणार? ज्यास सांगण्यासारखे काही आहे, तो शब्द शोधून काढतोच.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक व्यावहारिक कारणही येऊन मिळाले. जातवार तुकड्या करण्याच्या सरकारी धोरणामुळे संख्येने लहान असलेल्या आपल्या समाजास पलटणीचा दरवाजा जवळजवळ बंद झाला. तेव्हा रेल्वे, पोस्ट, कस्टम, इस्पितळे व सरकारी कचेऱ्या हाच चरितार्थाचा मार्ग उरला, आणि त्या मार्गावर इंग्रजीवाचून पाऊल टाकता येत नव्हते. एकाच पिढीत तलवारीची जागा लेखणीने घेतली. १९०५ साली तर रेबेका रूबेन या आपल्या समाजातील मुलीने मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिला क्रमांक मिळविला. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत. पुढे त्या इंग्लंडला जाऊन शिकल्या, आणि परत येऊन १९२२ पासून १९५० पर्यंत त्यांनी इस्राएलाइट स्कूलचे मुख्याध्यापकपद भूषविले. इंग्रजीने त्यांच्यासाठी अनेक दारे उघडली असतील. त्यांनी निवडले ते आपल्याच मुलांच्या शाळेचे दार.

दुसरी बाजू

इतिहास लिहिताना केवळ गौरव करून भागत नाही. इंग्रजी चांगली येण्यास आपलेपण राखावेच लागते काय? मुंबईतील बगदादी यहुद्यांचे उदाहरण निराळे आहे. हिब्रू लिपीत अरबी छापणारे त्यांचे ‘दोरेश तोव ले-अम्मो’ हे पत्र १८५५ साली मुंबईत निघाले होते. परंतु दोन-तीन पिढ्यांत त्यांच्यापैकी संपन्न कुटुंबांनी इंग्रजांचा पेहराव, रीतिरिवाज आणि भाषा घरातही स्वीकारली. त्यांची इंग्रजी उत्तम झाली, यात शंका नाही. पण अरबी हळूहळू घरातून गेली, आणि १९४७ साली इंग्रजी राज्य गेले तेव्हा ज्यांच्याशी त्यांनी स्वतःला जोडून घेतले होते तेच निघून गेले. त्यांच्यातील बहुतेक कुटुंबे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आदी देशांत पांगली. तेव्हा परभाषेत यश मिळविण्याच्या वाटा दोन आहेत. एका वाटेने नवी भाषा जुन्या घरात येऊन राहते. दुसऱ्या वाटेने माणूस जुने घर सोडून नव्या भाषेत राहावयास जातो.

आपला समाज सर्वस्वी पहिल्याच वाटेने गेला, असेही म्हणता येणार नाही. मुंबईचा इंग्रजी शिकलेला कारकून आणि कोकणात घाण्यावर राहिलेला त्याचा चुलतभाऊ यांच्यात अंतर पडले. विसाव्या शतकात काही सुशिक्षित घरांतून इंग्रजी हीच बोलीभाषा झाली. कवी निस्सीम इझिकेल (१९२४–२००४) अशाच घरातले. त्यांचे वडील विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते, आई शाळा चालवीत असे. निस्सीम यांनी आयुष्यभर इंग्रजीतच काव्य केले आणि १९८३ साली त्यांना साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. तरी आपण कोण, कोठले, हा प्रश्न त्यांच्या काव्यात पुनःपुन्हा येतो, आणि इंदिरा संतांच्या मराठी कविता इंग्रजीत आणण्याच्या कामातही त्यांनी हात घातला. घरातून गेलेल्या भाषेकडे ते उलट्या दिशेने, इंग्रजीच्या बाजूने चालत आले, असे म्हणावयास हरकत नाही.

विद्वानांचे निष्कर्ष

आता या अनुभवास शास्त्राचा आधार काय, ते पाहू. कॅनडातील रॉबर्ट गार्डनर व वॉलेस लँबर्ट यांनी १९५९ साली माँट्रियलमध्ये फ्रेंच शिकणाऱ्या इंग्रजीभाषक विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भाषा शिकण्याच्या प्रेरणा त्यांनी दोन प्रकारांत विभागल्या. त्या भाषेच्या लोकांत मिसळावे, त्यांच्यासारखे व्हावे, ही एक. आणि नोकरी, परीक्षा, प्रतिष्ठा अशा उपयोगासाठी शिकावे, ही दुसरी. माँट्रियलमध्ये पहिली प्रेरणा अधिक फलदायी दिसली. त्यावरून, परभाषा चांगली यावयाची तर त्या लोकांशी मनाने एकरूप व्हावे लागते, असा समज बराच पसरला.

या समजाला धक्का दिला तो मुंबईतल्या मराठी मुलींनी. यास्मिन लुकमानी यांनी १९७२ साली मुंबईतील साठ मराठीभाषक शाळकरी मुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. या मुलींची घरे इंग्रजी वळणाची नव्हती. त्यांना इंग्रजी हवी होती ती उपयोगासाठी. इंग्रजांसारखे किंवा इंग्रजी बोलणाऱ्या वर्गासारखे होण्याची त्यांना फारशी ओढ नव्हती. आणि ज्यांची ही उपयोगाची प्रेरणा बळकट, त्यांचीच इंग्रजी अधिक चांगली, असे आढळले. आपल्या पणज्यांनी मिशनच्या शाळेत जे केले तेच या मुली करीत होत्या. आपण आहोत तेथेच पाय रोवून त्या इंग्रजीकडे हात पुढे करीत होत्या.

लँबर्ट यांनी पुढे आणखी एक भेद दाखविला. नवी भाषा पहिलीत भर घालून येते तेव्हा मुलाचा लाभ होतो. पहिलीला हुसकावून येते तेव्हा हानीचा संभव असतो. याआधी, १९६२ साली, एलिझाबेथ पील आणि लँबर्ट यांनी माँट्रियलमधील दहा वर्षांच्या मुलांच्या चाचण्या घेतल्या होत्या. दोन्ही भाषा चांगल्या जाणणारी मुले एकच भाषा जाणणाऱ्या मुलांपेक्षा बुद्धीच्या चाचण्यांत सरस ठरली. दोन भाषांनी मुलांचा गोंधळ उडतो, ही पूर्वीची समजूत तेव्हापासून ढासळली.

स्थलांतरितांच्या दृष्टीने कॅनडातील बॉनी नॉर्टन यांचे संशोधन विशेष महत्त्वाचे आहे. ते १९९५ पासून प्रसिद्ध होऊ लागले. इंग्रजी शिकणाऱ्या पाच स्थलांतरित स्त्रियांचा त्यांनी अभ्यास केला. बोलण्याची इच्छा त्या सर्वांना होती. परंतु जेथे त्यांना अडाणी किंवा परक्या लेखले जाई तेथे त्या गप्प राहत. त्यांच्यातील एका आईची इंग्रजी तोडकीमोडकी होती. तरीही घरभाड्याच्या करारावरून घरमालकाशी तिने दूरध्वनीवर दीर्घकाळ वाद घातला. व्याकरण तिला तेवढेच येत होते. पण मुलांचे घर राखणारी आई या नात्याने बोलण्याचा आपला हक्क तिने मानला होता. तात्पर्य, माणूस बोलू लागतो तो केवळ शब्द साठले म्हणून नव्हे. आपले बोलणे ऐकले जाण्याच्या योग्यतेचे आहे, असे त्यास वाटले पाहिजे.

इस्राएलमधील अनुभव

हे वाचताना बेरशेवा, दिमोना, अशदोद, लोद, रामला येथील आपल्या घरांतील अनेक वडीलधाऱ्यांची आठवण होईल. १९४८ नंतर आलेल्या पिढीपाशी मराठी होती, पुष्कळांपाशी मुंबईच्या कचेरीत कमावलेली इंग्रजीही होती. पण उल्पानच्या वर्गात दोन्ही बाजूस ठेवून पहिल्या अक्षरापासून आरंभ करावा लागला. ‘इव्री, दाबेर इव्रित’ ही घोषणा या देशात विसाच्या दशकापासून दुमदुमत होती. नाना देशांतून आलेल्यांची एक भाषा व्हावी, हे तिचे ध्येय थोर होते. परंतु तिच्या छायेत अनेक मुलांना आईची भाषा रस्त्यावर बोलण्याची लाज वाटू लागली. त्यातच १९६२ साली मुख्य रब्बी मंडळाच्या विवाहविषयक सूचनांमुळे आपल्या यहुदीपणाविषयीच शंका घेतली गेली. समाजाने लढा दिला आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत, असे जाहीर केले. कोकणात जो प्रश्न आपणास कधी कोणी विचारला नव्हता, तो येथे विचारला गेला. त्या वर्षांत वर्गात बसलेल्या मुलाने हात वर करण्यापूर्वी दोनदा विचार केला असेल, तर त्यात नवल नाही.

मग मूळ प्रश्नाकडे येऊ. कोणी म्हणेल, आपली ओळख पूर्वीही भाषेवर अवलंबून नव्हती, असे आपणच वर सांगितले. मग मराठी गेली तर काय बिघडले? या आक्षेपास उत्तर असे की, कोकणात मराठी सर्वांची होती, म्हणून ती आपली खूण नव्हती. येथे ती आपल्यावाचून फारच थोड्यांची आहे. येथे मराठी म्हणजे आजीची प्रार्थना, मलिद्याचे ताट, पूर्वजांची आडनावे आणि राजपूरकरांचे ग्रंथ. मुलास तिची लाज वाटू लागली की त्याला एका भाषेची लाज वाटत नाही, तर आपण कोठून आलो याची वाटते. आणि लाजलेले मूल कोणत्याच भाषेत मोकळेपणी बोलत नाही, मग ती हिब्रू असो की इंग्रजी.

म्हणून इंग्रजीच्या भीतीने घरातील मराठी बंद करू नये. मुलास हिब्रू उत्तम यावी, इंग्रजीही यावी. त्यासाठी शिकवणी, पुस्तके, सराव हे सारे आवश्यक आहे आणि त्यात कसूर करू नये. परंतु इंग्रजीतील एखादा धडा आजोबांनी मराठीतून समजावला तर ते मागासलेपण नव्हे. आपल्या समाजाने इंग्रजी नेमकी अशीच शिकली. मुलाने विचारले की मराठी कशासाठी, तर त्यास केहीमकरांची गोष्ट सांगावी. ज्यांनी समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहिला, त्यांना तो लिहिण्याजोगा वाटला, कारण तो त्यांनी प्रथम आपल्या घरात, आपल्या भाषेत ऐकला होता.